प्लॅन २०० चा, काटा ९४ वर: घरच्या इंटरनेटचा स्पीड नेमका कुठे अडतो?

दर महिन्याला हजार-बाराशे रुपये भरून २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पण स्पीडटेस्टचा काटा ९४ च्या वर जायलाच तयार नाही. किंवा प्लॅन १०० चा आहे आणि बेडरूममध्ये मोबाईलवर येतात ३५. कस्टमर केअरला फोन केला की बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात: "सर, राउटर रिस्टार्ट करा" आणि "सर, वरचा प्लॅन घ्या". पहिल्याने कधीकधी फरक पडतो. दुसऱ्याने पुष्कळदा फक्त बिल वाढतं, कारण अडथळा जिथे आहे त्या जागेचा प्लॅनशी काही संबंधच नसतो.

इंटरनेट तुमच्या मोबाईलपर्यंत येतं ते एका साखळीतून. कंपनीचं बाहेरच्या जगाशी जोडलेलं नेटवर्क, तिथून तुमच्या गल्लीपर्यंत आलेली फायबर, घरात भिंतीवर लावलेला फायबरचा डबा म्हणजे ओएनटी, मग राउटर आणि लॅन केबल, आणि शेवटी वायफाय. हल्ली बऱ्याच घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. या साखळीत सगळ्यात अरुंद जागा जी असेल, तो तुमचा स्पीड. बाकी सगळं कितीही रुंद असू दे. म्हणून पैसे वाढवण्याआधी अरुंद जागा शोधायची. आपण उलट दिशेने, म्हणजे तुमच्या हातापासून कंपनीकडे जाऊया, कारण हाताजवळच्या गोष्टी आजच्या आज दुरुस्त होतात.

आधी आठाचा हिशोब

हे माहीत असेल तर पुढच्या भागावर जा. नसेल तर दोन मिनिटं थांबा, कारण अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

प्लॅनमध्ये लिहिलेला स्पीड मेगाबिटमध्ये असतो, तर फाईल डाउनलोड होताना ब्राउझर किंवा गेमचा लाँचर बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला १२.५ एमबीने होत असेल तर तुम्हाला पूर्ण १०० मिळतायत, कोणी फसवत नाहीये. ५ जीबीचा गेम उतरायला या स्पीडने साधारण पावणेसात मिनिटं लागतात. सेकंदाला ११ एमबी दिसत असतील तरी काळजी नको. प्रत्येक पॅकेटवर पत्ता, क्रमांक वगैरे लिहायला थोडी जागा जाते, शिवाय समोरचा सर्व्हरही आपल्या मर्जीने देतो.

टेस्ट करायची पद्धत चुकली की सगळंच चुकतं

पलंगावर पडून मोबाईलवर केलेली स्पीडटेस्ट तुमच्या इंटरनेटची नसते. ती त्या क्षणीच्या, त्या खोलीतल्या वायफायची असते. कंपनी किती देते हे बघायचं असेल तर लॅपटॉपला लॅन केबल लावायची, दुसरं टोक राउटरला किंवा ओएनटीला, वायफाय बंद, घरातले बाकीचे मोबाईल आणि टीव्ही थोडा वेळ शांत. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर टाइप-सीचं लॅन अडॅप्टर चालतं. ते गिगाबिटचं घ्या. स्वस्तातली बरीच अडॅप्टर्स १०० पर्यंतचीच असतात आणि मग आपण अडॅप्टरचाच स्पीड मोजत बसतो.

दुसरी गोष्ट सर्व्हरची. ऊक्लाचं स्पीडटेस्ट ॲप आपोआप जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. म्हणजे डेटा कंपनीच्या आवाराबाहेर पडतच नाही आणि आकडा झकास येतो. हीच टेस्ट सर्व्हर बदलून दुसऱ्या कंपनीच्या मुंबईतल्या सर्व्हरवर करा. मग फास्ट डॉट कॉमवर करा, ती नेटफ्लिक्सची आहे आणि नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा ओढते. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर उत्तम. पहिला १०० आणि बाकीचे ३० आले, तर तुमच्या घरापर्यंतची लाइन ठणठणीत आहे, कंपनीची बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी तोकडी आहे. ही माहिती तक्रारीच्या वेळी सोन्यासारखी असते, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यात तारीख, वेळ आणि सर्व्हरचं नाव दिसलं पाहिजे.

९४ चं कोडं

आता सगळ्यात गमतीशीर भाग. प्लॅन १५०, २०० किंवा ३०० चा आहे, केबल लावून टेस्ट केली, आणि आकडा ९३-९४-९५ च्या आसपास चिकटून बसलाय. सकाळी ९४, रात्रीही ९४. इतका स्थिर आकडा दिसला की नेटवर्कच्या गर्दीला दोष देऊ नका. गर्दीमुळे आकडा वरखाली नाचतो, एका जागी उभा राहत नाही. कुठेतरी १०० एमबीपीएसचं जुनं इथरनेट बसलंय, एवढाच याचा अर्थ.

९४ च का, १०० का नाही? इथरनेटवरून जाणाऱ्या एका पूर्ण पॅकेटला तारेवर १५३८ बाइटइतकी जागा लागते. त्यातला खरा डेटा १४६० बाइट. बाकीचे पत्ते, तपासणीचा कोड आणि दोन पॅकेटांमधलं सक्तीचं अंतर. १४६० भागिले १५३८ म्हणजे जवळजवळ ९५ टक्के. म्हणून १०० च्या तारेतून हाताला ९४-९५ लागतात.

हे १०० कुठून आलं असेल? जागा चार-पाचच आहेत. पहिली म्हणजे केबल. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. क्लिप लावताना एक तार नीट बसली नाही, दाराच्या फटीत केबल चेपली गेली किंवा उंदराने कुरतडली, तर राउटर तक्रार करत नाही. तो मुकाट्याने १०० वर उतरतो आणि काम चालू ठेवतो. इंटरनेट चालू असतं, म्हणून कोणाला संशयही येत नाही. काही ठिकाणी वायरिंग करणारे मुद्दाम चारच तारा जोडतात, एका केबलमध्ये दोन कनेक्शन काढायला. क्लिप पारदर्शक असते, डोळ्यांजवळ धरून तारा मोजा. केबलच्या अंगावर छापलेलं वाचा: कॅट ५ई किंवा कॅट ६ असेल तर गिगाबिटला पुरेशी आहे.

दुसरी जागा पोर्ट. स्वस्त राउटरची सगळीच पोर्ट १०० ची असतात आणि डब्यावर मात्र "३०० एमबीपीएस" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो आकडा वायफायचा, तोही कागदावरचा. ३०० चं वायफाय आणि मागे १०० चं पोर्ट, म्हणजे रुंद नळाला बारीक पाइप. कंपनीने दिलेल्या काही ओएनटींमध्येही पहिलं पोर्ट गिगाबिटचं आणि बाकीची १०० ची असतात. तुमची केबल चुकीच्या भोकात असेल, तर ती काढून शेजारी लावणं एवढाच उपाय, शून्य रुपये.

तिसरी जागा इमारतीतली. लोकल केबलवाल्यांकडून इंटरनेट घेतलं असेल, तर पुष्कळदा फायबर फक्त गच्चीपर्यंत किंवा जिन्यातल्या डब्यापर्यंत येते आणि तिथल्या स्विचमधून प्रत्येक फ्लॅटला साधी लॅन केबल जाते. तो स्विच १०० चा असेल तर तुम्ही ३०० चा प्लॅन घ्या नाहीतर ५०० चा, घरात ९४ च येणार. असा प्लॅन विकणं हे माझ्या मते सरळ सरळ चुकीचं आहे. प्लॅन वाढवण्याआधी एकच प्रश्न विचारा: "माझ्या फ्लॅटला येणारी लाइन गिगाबिटची आहे का?" उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

आपली जोडणी कितीची आहे हे विंडोजमध्ये लगेच दिसतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात इथरनेटवर क्लिक करा, तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो. १००/१०० दिसलं तर वरच्यापैकी काहीतरी आहे. १०००/१००० दिसलं तर तुमच्या बाजूची तार ठीक आहे. माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूने ठेवून गेलेली एक मीटरची केबल होती. दिसायला नवीकोरी. बदलली आणि आकडा ९४ वरून थेट प्लॅनएवढा झाला. नव्या केबलची किंमत एका बिलाच्या पासंगालाही पुरली नसती.

वायफाय: इथेच बहुतेकांचा स्पीड सांडतो

केबलवर पूर्ण स्पीड येतोय आणि मोबाईलवर येत नाहीये, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. अडथळा तुमच्या घरातल्या हवेत आहे.

वायफायचे दोन मुख्य बँड आपल्याकडे वापरात आहेत, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण तिथे जागा फार कमी. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आता पुण्यातली किंवा ठाण्यातली कुठलीही सोसायटी डोळ्यांसमोर आणा. मोबाईलमध्ये वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं येतात. हे सगळे राउटर त्या तीन चॅनलमध्ये दाटीवाटीने बसलेत. वायफायचा नियम असा की एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकांचा टीव्ही तुमच्या व्हिडिओ कॉलची पाळी खात असतो, जरी दोघांचे राउटर आणि कंपन्या वेगळ्या असल्या तरी. त्याच बँडमध्ये ब्लूटूथ आहे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा गळका आवाजही तिथेच.

शिवाय मर्यादा गणिताचीही आहे. जुन्या किंवा स्वस्त मोबाईलमध्ये वायफायचा एकच अँटेना असतो. २.४ वर, नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये, वायफाय ४ वाल्या अशा मोबाईलचा लिंक स्पीड जास्तीत जास्त ७२ एमबीपीएस. दोन अँटेना असतील तर १४४. आणि लिंक स्पीड म्हणजे हाताला लागणारा स्पीड नव्हे. त्यातला मोठा वाटा पाळी घेण्यात, "मिळालं" अशी पोच देण्यात आणि हरवलेली पॅकेट पुन्हा पाठवण्यात जातो. निम्मा ते दोन-तृतीयांश हाती लागला तर चांगलं समजायचं. आता कळलं ना, १०० च्या प्लॅनवर मोबाईलमध्ये ३५-४० कुठून येतात ते? तुम्ही ५०० चा प्लॅन घेतला तरी त्या मोबाईलला २.४ वर ३५-४० च मिळणार.

५ गिगाहर्ट्झवर जागा प्रशस्त आहे. वायफाय ५ चा साधा, एका अँटेनाचा मोबाईलसुद्धा ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये ४३३ चा लिंक स्पीड घेतो, दोन अँटेनांचा ८६६ चा. पण ५ ची लहर भिंतीला लवकर हार मानते. एक विटांची भिंत ठीक, दोन भिंतींनंतर दम लागतो, आरसीसी स्लॅब किंवा वाड्याची जाड दगडी भिंत मधे आली तर विषय संपला. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याने भरलेली टाकी किंवा फिश टँक हेही वायफायचे शत्रू.

अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या वायफायच्या नावावर टॅप केलं की बँड आणि लिंक स्पीड दोन्ही दिसतात. आयफोन हे सेटिंग्जमध्ये दाखवत नाही. घरात फिरून प्रत्येक खोलीत हा आकडा बघा. कुठल्या कोपऱ्यात फोन ५ वरून २.४ वर घसरतो ते लगेच कळेल.

करायचं काय? राउटर कुठे ठेवलाय ते बघा. आपल्याकडे तो कुठे असतो? टीव्हीच्या मागे, शोकेसच्या तळाच्या कप्प्यात, किंवा दाराजवळच्या मीटरपेटीशेजारी, कारण कंपनीच्या माणसाला तिथे केबल सोपी पडली. तो घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर हवा. बसवायला माणूस येतो तेव्हाच सांगा, "दहा मीटर केबल जास्त लागली तरी चालेल, पण राउटर मधल्या पॅसेजमध्ये लावा." नंतर सांगितलं तर तो येत नाही.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या. एकच नाव असलं की जुने फोन अनेकदा हट्टाने २.४ ला चिकटून राहतात. टीव्ही, लॅपटॉप, तुमचा फोन ५ वर. स्मार्ट बल्ब, कॅमेरा, प्रिंटर २.४ वर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना ५ समजतही नाही. टीव्ही जवळच असेल तर त्याला सरळ केबल लावा, हवेतली तेवढी गर्दी कमी.

लांबच्या खोलीसाठी लोक रिपीटर आणतात. तो स्वस्त आहे, पण एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुढे सांगणारा रिपीटर स्पीड जवळपास निम्मा करतो. कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. शक्य असेल तर त्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरा, जुना पडून असलेला राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. दिसायला फार सुंदर नसतं, घरच्यांची बोलणी खावी लागतात, पण चालतं ते हेच.

रात्री नऊ वाजता काय होतं?

केबल ठीक, पोर्ट ठीक, टेस्ट केबलवरच केली, आणि तरीही सकाळी सहाला ९४ व रात्री साडेनऊला २०. आता चेंडू कंपनीच्या कोर्टात.

आपल्याकडच्या घरगुती फायबरमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं तंत्र म्हणजे जीपॉन. यात कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक फायबर रस्त्यात स्प्लिटर नावाच्या काचेच्या छोट्या तुकड्यातून फुटत जाते आणि ३२ किंवा ६४ घरांना पोहोचते. त्या एका फायबरची एकूण क्षमता खाली येताना साधारण २.५ गिगाबिट, वर जाताना १.२५ गिगाबिट. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोराने डाउनलोड सुरू केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७-७८ एमबीपीएस, ६४ घरं असतील तर ३९. पण असं जवळजवळ कधीच होत नाही, कारण व्हिडिओ बघणारा माणूस सतत ओढत नसतो, दहा-दहा सेकंदांचे घोट घेत असतो. त्यामुळे क्षमतेपेक्षा जास्त प्लॅन विकणं यात मुळात गैर काही नाही. एसटीतही सगळे प्रवासी एकाच थांब्यावर उतरत नाहीत. गैर तेव्हा, जेव्हा ग्राहक वाढत जातात आणि पुढची पाइप तेवढीच राहते.

आणि ती पुढची पाइप बहुतेक वेळा जीपॉनची नसते. लहान कंपन्या मोठ्या कंपन्यांकडून बँडविड्थ घाऊक विकत घेतात. गावातल्या पाचशे घरांसाठी घेतलेली बँडविड्थ आठशे घरांना वाटली की रात्री नऊला मालिका, क्रिकेट आणि रील्स एकत्र सुरू होतात आणि सगळ्यांचाच स्पीड बसतो. इथे तुमचा राउटर रिस्टार्ट करून काय होणार?

म्हणून नोंद ठेवा. तीन-चार दिवस, रोज तीन वेळा: पहाटे, दुपारी, आणि रात्री नऊ ते दहा. केबलवर, त्याच दोन-तीन सर्व्हरवर. पहाटे पूर्ण आणि रात्री कमी असं रोज दिसलं तर ती गर्दी आहे. सगळ्या वेळी सारखाच कमी असेल तर गर्दी नाही. मग कुठलं तरी पोर्ट, केबल, किंवा कंपनीने चुकीचा प्लॅन चढवलाय. हे शेवटचं दिसतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, विशेषतः प्लॅन बदलल्यानंतर. पैसे नव्या प्लॅनचे, सिस्टिममध्ये जुनाच.

एक वेगळा प्रकारही लक्षात ठेवा. भारतातल्या साइट पळतायत आणि परदेशी साइट रखडतायत, असं झालं तर समुद्राखालची केबल हे कारण असू शकतं. युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच केबल मुंबईच्या किनाऱ्याहून निघून तांबड्या समुद्रातून जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातही परिणाम जाणवला होता. यात तुमची कंपनी काही दिवस पर्यायी मार्ग काढत असते, गल्लीतल्या टेक्निशियनला बोलावून उपयोग नाही.

फायबरचा डबा आणि लाल दिवा

फायबरची गंमत अशी की ती हळूहळू मंद होत नाही. प्रकाश पुरेसा पोहोचतोय तोवर पूर्ण स्पीड, त्याखाली गेला की चुका वाढतात, पॅकेट पुन्हा पाठवावी लागतात, मग कनेक्शन तुटायला लागतं. ओएनटीच्या पानावर, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर असा आकडा मिळतो. तो उणे असतो. उणे १५ ते उणे २५ मधे असेल तर निवांत राहा. उणे २७ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर कंपनीला कळवा, बाकी बडबड न करता फक्त तो आकडा सांगा. टेक्निशियनला तो लगेच समजतो.

कारणं साधी असतात: फायबर कोपऱ्यात काटकोनात वाकवलेली, खिळ्याने ठोकलेली, कनेक्टरवर धूळ. हिरव्या टोकाचा कनेक्टर तिरका घासलेला असतो, निळ्याचा सपाट. हिरव्यात निळा घातला तरी प्रकाश वाया जातो. मात्र फायबर स्वतः काढून तिच्या टोकात डोकावू नका. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांपर्यंत पोहोचतो. लालबुंद एलओएस दिवा लागला असेल तर प्रकाश येतच नाहीये, तिथे तुमच्या हातात काही नाही.

स्पीड आहे, तरी कॉल अडकतो

ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू आहे, डाउनलोड ९० दाखवतंय, आणि समोरचा म्हणतोय "युअर व्हॉइस इज ब्रेकिंग". अशा वेळी डाउनलोडकडे बघूच नका, अपलोड आणि पिंग बघा. घरातल्या कोणाच्या तरी फोनने चार्जिंगला लावल्याबरोबर लग्नाचे फोटो-व्हिडिओ गूगल फोटोजवर चढवायला सुरुवात केलेली असते. अपलोडची पाइप भरली की राउटर पॅकेटांची रांग लावतो, आणि तुमच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट त्या लांबलचक रांगेच्या शेवटी उभं राहतं. पिंग २० वरून तीनशे-चारशे मिलिसेकंदावर जातं. बीजीएमआय खेळताना अचानक मरता तेही पुष्कळदा यामुळेच.

तपासायचं असेल तर पिंग चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून मोठी फाईल अपलोड करा. पिंग उसळलं तर हेच कारण. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष अपलोडच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर इंटरव्ह्यूच्या तासाभरासाठी बाकीच्यांचा बॅकअप बंद करून ठेवा. ५०-१०० रुपये जास्त देऊन अपलोड आणि डाउनलोड सारखं असलेला प्लॅन मिळत असेल, तर घरून काम करणाऱ्याने डाउनलोड दुप्पट करण्याऐवजी तो घ्यावा, असं माझं मत.

तसंही किती स्पीड लागतो हे एकदा मोजा. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं, फुल एचडीसाठी ५. चार माणसांच्या घरात नीट बसवलेला १०० चा प्लॅन सहसा कमी पडत नाही. नीट न बसवलेला ३०० चा पडतो.

"अनलिमिटेड" मधली मर्यादा

महिन्याच्या शेवटी अचानक सगळं ठप्प झालं, तर आधी एफयूपी बघा. अनेक अनलिमिटेड प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीसारखी मर्यादा असते. एवढी सहसा कोणाची संपत नाही, पण लहान कंपन्यांच्या स्वस्त प्लॅनमध्ये ती बरीच कमी असू शकते. ट्रायने २०१६ मध्ये सांगितलं की मर्यादा संपल्यावरही घरगुती ब्रॉडबँडचा डाउनलोड स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली जाता कामा नये. ५१२ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ केबी, १०० एमबीची फाईल उतरायला २६ मिनिटं. व्हॉट्सॲपचे मेसेज जातील, एवढंच.

डीएनएस बदलून स्पीड वाढतो असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्याने साइट उघडायची सुरुवात किंचित लवकर होऊ शकते, डाउनलोडचा स्पीड वाढत नाही. आणि प्ले स्टोअरवरची "स्पीड बूस्टर" ॲप्स जाहिराती दाखवण्यापलीकडे काही करत नाहीत.

तक्रार करायची तर पुराव्यासकट

प्लॅनच्या जाहिरातीत "अप टू" हे दोन शब्द छोट्या अक्षरात असतात आणि कंपनीचा सगळा बचाव त्यावर उभा असतो. ट्रायच्या २००६ च्या नियमांत घेतलेल्या स्पीडच्या ८० टक्क्यांहून जास्त स्पीड मिळावा असा निकष होता, पण तो कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत मोजायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झाले आहेत. पण वायफायवरचा स्क्रीनशॉट दाखवला तर कंपनी हात वर करते, ते आधी होतं तसंच आजही आहे. म्हणून वर सांगितलेल्या केबलवरच्या नोंदी हव्यात.

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या. फोनवरचं "हो सर, बघतो" म्हणजे तक्रार नव्हे. ईमेलही करा. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. हे अपील कंपनीच्या वेबसाइटवर तळाशी कुठेतरी लपलेलं असतं, शोधा. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, त्यामुळे तिकडे ट्वीट करण्यात वेळ घालवू नका. दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स पोर्टलवरून जाता येतं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

टेलिकॉमच्या वादात ग्राहक न्यायालयात जाताच येत नाही, असं काही वर्षं सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात जाता येतं असा निकाल दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो.

या सगळ्यासाठी एक कागद मात्र लागतोच: बिल. केबलवाला दर महिन्याला जीपेवर पैसे घेतो आणि बिल देत नाही, ही महाराष्ट्रातल्या लहान गावांतली रोजची गोष्ट आहे. तो बहुतेक वेळा स्वतः परवानाधारक नसतो, दुसऱ्या कंपनीचा फ्रँचायझी असतो, आणि तक्रार त्या परवानाधारक कंपनीकडेच करावी लागते. तिचं नाव बिलावरच असतं. ब्रॉडबँडवर १८ टक्के जीएसटी आहे. तो तुमच्याकडून घेतला जात असेल तर जीएसटी नंबरचं, तुमच्या नावाचं, प्लॅनचा स्पीड लिहिलेलं बिल मागून घ्या, पुढच्या रिचार्जच्या आधीच.